चौथा खण

यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माझी मावशी खोटं बोलत नाही. आणि हे भरदुपारी घडलंय, तिच्या हवामान कार्यालयाच्या मशीनरूममध्ये.

मावशी आणि काका, दोघंही तिथेच प्रोग्रॅमर.

वादळाचं गणित मांडणाऱ्या त्यांच्या कॉम्प्युटरला चार प्रोसेसर होते. चार खणांत चार. प्रत्येकाशेजारी त्याची स्वतःची मेमरी. शेजारचा डेटा चटकन मिळायचा. दुसऱ्याकडचा मागवला की ताटकळायचं. म्हणून ज्याचा डेटा त्याच्याजवळ ठेवायचा, ही काकांची सगळी धडपड. जेवतानाही तोच विषय.

"अहो, निदान घास तरी गिळा!" मावशी वैतागायची.

काम अर्धवट टाकून काका गेले. हार्ट अटॅक. त्याच खोलीत.

पुढे चौथा प्रोसेसरही बंद पडला. तो काढून दुरुस्तीला पाठवला. खण रिकामा राहिला.

त्या दुपारी समुद्रात वादळ उठलं. होड्या खोल पाण्यात होत्या. वादळ कुठे वळणार, ते अंधार पडायच्या आत सांगायला हवं होतं.

गणित मात्र गोगलगायीसारखं सरकत होतं. सगळा डेटा पहिल्याच प्रोसेसरच्या मेमरीत जाऊन बसला होता. बाकीचे दोघे नुसते ताटकळत होते. आणि थांबवून नव्यानं सुरू करायला आता वेळ नव्हता.

साहेबांचा फोन आला. "होईल ना?"

"बघते," एवढंच मावशी म्हणाली. कीबोर्डवरचे हात तिनं मांडीवर घेतले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि मग...

दुसऱ्या खणाचा पंखा जोरात फिरू लागला.

मग तिसऱ्याचा.

स्क्रीनवर डेटा जागा बदलत होता. आपोआप. थोडा दुसऱ्याकडे, थोडा तिसऱ्याकडे... आणि थोडा चौथ्याकडे.

चौथा तर तिथे नव्हताच!

गणित वेळेत संपलं. इशारा गेला. होड्या परत फिरल्या, माणसं सुखरूप घरी आली.

मावशी उठली. रिकाम्या खणात तिनं हात घातला...

आत ऊब होती.

तापलेल्या यंत्राची ऊब वेगळी, ती तिला ओळखू येते. ही तळहाताची होती.

"अहो..." ती खणाकडे वाकली. "आलात का? बसा ना जरा."

पंखे एकेक करून मंदावले. खण गार पडला. मावशी तिथेच उभी राहिली, हात आत ठेवून.

"मॅडम, तुम्हीच काहीतरी केलं असणार," असं ऑफिसातले आजही म्हणतात. तिनं काहीही केलं नव्हतं. मग कोणी केलं, ते कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटली?"

"त्यांची कसली भीती?" तिनं आपला तळहात उघडून पाहिला.

"कामासाठी आले रे," मग म्हणाली. "माझ्याशी एक शब्दसुद्धा बोलले नाहीत."