वरच्या खोलीत ऐकून घेतात

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी. पण जिच्या बाबतीत ती घडली ती माझी सख्खी मावशी आहे, आणि थापा मारणं तिला आजवर जमलेलं नाही.

आणखी एक सांगते. रात्र नव्हती.

भर दुपार होती. डबे खाऊन झाले की डोळे जड होतात ना, ती वेळ.

मावशी पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या मुख्य कार्यालयात होती. काम काय, तर माणसांची गाऱ्हाणी ऐकायची. कुठल्या शाखेत भांडणं लागली, कुठे धडाधड राजीनामे पडायला लागले, की मावशीची रवानगी तिकडे. जायचं, एकेकाला समोर बसवायचं, बोलतं करायचं आणि साहेबांना अहवाल द्यायचा. माझी आई म्हणायची, "हिच्यासमोर दगडसुद्धा तोंड उघडेल."

या शाखेचं मात्र उलटंच होतं.

तिथून तक्रारच येत नव्हती.

कित्येक महिने कुणाची रजा नाही. भांडण नाही. पगाराची कुरकुर नाही. आणि तरी काम ढेपाळत चाललेलं. गिऱ्हाईकं कळवायची, "तुमची माणसं नीट बोलतात हो, पण… फोन ठेवल्यावर कसंतरीच होतं."

साहेब म्हणाले, "त्यांचं मन कामात नाही, एवढं नक्की. का नाही, ते शोधून काढा."

मावशी सकाळच्या गाडीने पोहोचली. खाली वर्कशॉप, वर ऑफिस. साधी दुमजली इमारत, बाहेर पंपांची खोकी रचलेली.

आत शिरताच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते लगेच कळेना.

मग कळलं…

यंत्रं चालू होती, हातोडे पडत होते. पण माणसांचा आवाज नव्हता. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. शिवी नाही, शीळ नाही, खाकरणं नाही. फळीवर एक रेडिओ होता. त्याच्यावर धुळीचा जाड थर.

एक वयस्कर मिस्त्री पंपाचं लोखंडी झाकण बसवत होता. मावशी त्याच्याशी बोलणार, एवढ्यात झाकण निसटलं.

थेट अंगठ्यावर.

किंकाळी फुटली ती मावशीची.

मिस्त्रीची नाही.

त्याने झाकण बाजूला केलं. अंगठ्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. फडकं गुंडाळलं. आणि पुन्हा पाना हातात घेतला.

फडकं लाल होत गेलं…

"अहो, डॉक्टरकडे चला आधी!"

"जाईन की मॅडम. दुखत नाही."

शेजारी काम करणाऱ्या दोघांनी मानसुद्धा वर केली नाही.

वर शाखाप्रमुखांनी तिला चहा दिला. सभ्य माणूस. प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे. मावशीने मिस्त्रीचं सांगितलं, तेव्हाही तशीच मान डोलवली. शेवटी मावशीनेच दोन माणसं पाठवून मिस्त्रीला दवाखान्यात धाडलं.

मग एकेकाला बोलावणं सुरू झालं.

"कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

"काही त्रास?"

"नाही."

सगळ्यांचं तेच. घाबरून नव्हे. घाबरलेला माणूस मावशी लांबून ओळखते. हे लोक खरंच सांगत होते.

दुपारी फोनवर बसणारी मुलगी आली. कोवळी पोर, नुकतीच कामाला लागलेली.

"घरी कोण कोण असतं?" मावशीने सहज विचारलं.

"आई आणि मी. बाबा होते. परवा गेले."

मावशीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"परवा?… म्हणजे आत्ता, परवा?"

"हो. सकाळी."

"अगं, मग तू इथे काय करतेयस?"

मुलीने जरा विचार केला. बस का चुकली, असं कुणी विचारल्यावर करावा तेवढाच.

"काल मला रडू येत होतं. मग मी वर सांगून आले. आता नाही येत."

"कुणाला सांगून आलीस?"

"ते टोकाच्या खोलीत असतात ना, त्यांना. तुमच्यासारखेच. हेड ऑफिसचे असतील. डबा खाऊन झाला की आम्ही जातो एकेक. ते विचारतात, कसं चाललंय… आणि ऐकून घेतात."

"कसे दिसतात?"

मुलीने आठवून बघितलं.

"…बघितलं नाही कधी."

मावशी तडक शाखाप्रमुखांकडे गेली. "त्या खोलीत कोण बसतं?"

"चांगलं माणूस आहे," ते म्हणाले. "मीही जातो. माझं लग्न मोडायला आलं होतं, झोप उडाली होती. आता काही जड राहिलं नाही बघा."

"लग्नाचं काय झालं?"

"मोडलं." त्यांनी मान डोलवली.

मावशीने तिथूनच साहेबांना फोन लावला. "माझ्या आधी इथे कुणाला पाठवलंत?"

"कुणालाच नाही. तुम्हीच पहिल्या. का हो?"

ती रात्र तिने लॉजवर दिवा चालू ठेवून काढली. दुसऱ्या दिवशी डबे उघडायच्या आत मावशी त्या खोलीत गेली. म्हणाली, हा काय चावटपणा आहे तो बघूच.

कॉरिडॉरच्या टोकाला खोली. छोटीशी. मधे दुधी काचेचं पार्टिशन, अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. मावशीने पलीकडे जाऊन बघितलं. खुर्ची रिकामी. दुसरं दार नाही, खिडकीला गज. भिंतीवर हात फिरवून बघितला. मग दार लावून अलीकडच्या खुर्चीत बसली, दाराकडे तोंड करून. येणारा याच दारातून येणार.

पंखा गरगरत होता, खाली हातोडे पडत होते.

मग हातोडे थांबले. जेवणाची सुट्टी झाली असेल, तिला वाटलं.

मग पंख्याचा आवाज थांबला…

तिने वर बघितलं. पंखा फिरत होता.

"कसं चाललंय?"

आवाज काचेमागून आला.

बाईचा की पुरुषाचा, तिला आजही सांगता येत नाही. पण त्यात माया होती. तिने वळून बघितलं. काचेवर एक आकार होता. बसलेला. जरासा पुढे झुकलेला… कान देऊन ऐकणारा माणूस झुकतो तसा.

तिला विचारायचं होतं, कोण आहात तुम्ही? तोंडातून निघालं, "बरं चाललंय."

"आणि घरी?"

इथे थांबून तुम्हाला एक सांगायला हवं. मावशीला एक मुलगी होती. लहानखुरी, गोलमटोल, म्हणून आम्ही सगळे तिला गोटी म्हणायचो. माझ्याहून थोडीशीच लहान. तापाचं निमित्त झालं आणि गेली. शाळेत होती तेव्हा. त्याला आता किती वर्षं लोटली, पण मावशीकडे तिचा विषय कुणी काढायचा नाही. काढला की मावशीचा श्वास अडकायचा. खरोखर अडकायचा, पाठ चोळावी लागायची.

जगाची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या त्या बाईला, घरी कसं चाललंय, असं कुणी विचारलंच नव्हतं.

ती बोलायला लागली.

गोटी तिच्या बाहीचं टोक मुठीत धरून झोपायची, ते सांगितलं. दुधावरची साय बघून पळायची, ते सांगितलं. दवाखान्यात म्हणाली होती, "आई, दिवा नको ना घालवू," तेही सांगितलं. पिशवीतून एकेक वस्तू काढून ठेवावी, तसं ती काढत गेली.

"हं…" काचेमागून यायचं. "आणखी?"

प्रत्येक गोष्टीबरोबर छातीवरचं ओझं कमी होत होतं. मावशी म्हणते, इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं वाटत होतं, की थांबावंसं वाटेना.

सांगायला काहीच उरलं नाही, तेव्हा ती उठली.

पार्टिशनला वळसा घालून पलीकडे गेली.

खुर्ची रिकामी होती.

फक्त रेक्झिनची गादी खोल दबलेली होती… आणि हळूहळू वर येत होती.

मावशीला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

तिथेच तिला कळलं.

ती बाहेर बेसिनपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं. आरशात बघून मुद्दाम गोटीला आठवलं. सगळं आठवत होतं. बाही, साय, दिवा. पण कुणीतरी शेजारणीच्या मुलीचं सांगावं तसं.

श्वास अडकला नाही.

परत आली तर खोलीच्या दाराबाहेर फोनवाली मुलगी उभी होती. तिची पाळी होती. मावशीने दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. "आजपासून बंद," एवढंच म्हणाली. मुलगी "बरं" म्हणून निघून गेली.

अहवालात मावशीने खरं लिहिलं नाही. कोण ऐकणार? तिने लिहिलं, ऑफिसला जागा पुरत नाही, लोक गुदमरून गेलेत, टोकाची खोली तोडून मोकळी करावी. मी तिला विचारलं होतं, "तुला तर बरं वाटत होतं, मग तोडायला कशाला लावलीस?" ती म्हणाली, "मिस्त्रीच्या अंगठ्यासाठी. ते बरोबर नव्हतं, एवढं कळत होतं. वाटत काहीच नव्हतं गं. नुसतं कळत होतं."

साहेबांनी मंजुरी दिली. गवंडी आले. दुपारी काच उतरवली, भिंतीवर घण पडला.

आणि खाली मिस्त्री ओरडला.

अंगठा केव्हाच भरून आला होता. पण तो हात पोटाशी धरून जमिनीवर लोळत होता, "मेलो, मेलो" म्हणत. वर फोनवाल्या मुलीने बोलता बोलता फोन टाकून दिला. "बाबा!" असं ओरडली ती. बाबांना जाऊन कित्येक आठवडे झाले होते. तिला धरायला धावलेली बाईही स्वतःच्याच कशासाठी तरी हमसून रडायला लागली. अख्खी शाखा रडत होती. गवंडी हत्यारं टाकून बाहेर पळाले.

शाखाप्रमुखांचा मावशीला फोन आला. "मॅडम… ती गेली हो घर सोडून… मी नुसता बघत बसलो, मॅडम…"

पुढच्या महिन्यात त्या शाखेतून रजेचे अर्ज आले, दोन राजीनामे आले, एक कडाक्याचं भांडण मुख्य कार्यालयापर्यंत आलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "जिवंत झाली शाखा! काय जादू केलीत?"

सगळ्यांचं सगळं परत मिळालं.

मावशीचं नाही.

त्या दुपारी ती घरी होती. फोन ठेवून ती तशीच बसून राहिली. आता येईल, मग येईल. संध्याकाळ झाली. काही आलं नाही. नंतर ती मुद्दाम त्या शाखेत जाऊन आली. खोलीच्या जागी आता टेबलं आहेत. तिथे खुर्ची घेऊन बसली. लोक हसत होते, एकमेकांवर खेकसत होते. तिला काही झालं नाही.

मागे आमच्याकडे आली होती. माझ्या आईला म्हणाली, "ताई, गोटीचं काहीतरी सांग ना." आई सांगायला लागली आणि रडायला लागली. आणि मावशी तिची पाठ चोळत बसली… शांत, कोरड्या डोळ्यांनी.

ते माझ्याने बघवलं नाही.

काचेमागे कोण होतं, आम्हाला माहीत नाही. मावशीचंच तेवढं का राहिलं, तेही माहीत नाही. कधी वाटतं, ते त्याने स्वतःसोबत नेलं असेल. आणि कधी वाटतं, नाही, ते येणार आहे. कुठल्यातरी दुपारी, एकदम, इतक्या वर्षांचं सगळं. आणि मावशी घरात एकटी असते.

म्हणून मी रोज जेवण झालं की तिला फोन करते.

ती उचलते. "हं, बोल," म्हणते. त्याच सपाट आवाजात.

आज बराच वेळ रिंग वाजत राहिली…

मग तिने उचलला. भांडी घासत होती म्हणे.