देवराईतली न पडलेली झाडे

कुंदाचे आजोबा वारून तीन पावसाळे उलटले होते; तरीही त्या सकाळी ते देवराईत उभे राहून कुऱ्हाड चालवत होते.

कुंदाने डोळ्यांवरचा चष्मा काढला. समोर राई जशीच्या तशी होती: ऐन, किंजळ, गारंबीच्या वेलाने गुरफटलेला जुना बेहडा आणि पाचोळ्याचा ओला गारवा. तिने चष्मा पुन्हा लावला. उजाड उतार, उघडे बुंधे आणि घाव घालणारा आजोबांचा तो ओळखीचा, किंचित वाकडा हात.

"मापी, हे काय दाखवतोयस तू?" तिने विचारले.

मापी हा मोजणी करणारा यंत्रमानव; चष्माही त्याचाच. बकरीसारखा चार पायांवर कातळ चढणारा, दूरच्या शहरातल्या एका सिमेंट कंपनीने पाठवलेला. त्याच्या शेजारी कुंदाचे रवळूकाका अनवाणी उभे होते. ते देवराईचे मानकरी, त्यामुळे कंपनीच्या योजनेला गावाचा होकार त्यांच्याच तोंडून जायचा होता. होकार दिला, की कंपनी वहाळावर (ओढ्यावर) पक्का साकव (लहान पूल) बांधून देणार होती. दरवर्षी वहाळ फुगला की कुंदाची शाळा बुडत असे. म्हणून काकांना घाई होती.

"ही आधाररेषा," मापी शांतपणे म्हणाला, "म्हणजे योजना नसती तर काय घडले असते, याचा अंदाज. त्यानुसार गावाने ही राई तोडून टाकली असती. चेहरे गावाच्या जुन्या छायाचित्रांतून घेतले आहेत. कंपनी राई वाचवते आणि त्या बदल्यात आपल्या भट्टीचा धूर भरून निघाला असे जाहीर करते. याला कार्बन-भरपाई म्हणतात."

"झाडानं धूर कसा भरून निघतो?"

"झाड हवेतला कर्बवायू शोषते आणि त्यातल्या कार्बनपासून आपले लाकूड घडवते. झाड तोडून जाळले, की तो कार्बन पुन्हा हवेत जातो. म्हणून तुटणारे झाड वाचवले, तर तेवढा वायू हवेत जायचा थांबतो. तेवढाच भट्टीतून सोडला, तर हिशेब बरोबरीत सुटतो."

"तुटणारं झाड," कुंदा हळूच म्हणाली. "आणि न तुटणारं?"

मापीच्या कपाळावरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला. समोरच्या डोंगरावरून यंत्रकरवतीची घरघर येत होती.

"कुंदे, तोंड आवर," काका म्हणाले. "चित्रच तर आहे. हो म्हटलं म्हणून कुणाचं काय जातंय?"

"आजोबांचं जातंय!"

एरवी चार माणसांत मान खाली घालणारी ती मुलगी. पण आज तिने मापीला जवळजवळ ओढतच पायवाटेवर नेले; काकाही मागोमाग आले. तिथे एक प्रचंड ऐन आडवा पडला होता. त्याच्या सालीवर शेवाळ होते, अळंबी होती, आणि पायवाट त्याला वळसा घालून पुढे गेली होती.

"वादळात पडला हा. आजोबांनी कुणाला फांदीसुद्धा उचलू दिली नाही. झाड हलवलं नाही, वाट वळवली. बघ, तुझ्या चष्म्यातसुद्धा वाट इथं वळते! जे गाव पडलेलं झाड उचलत नाही, ते उभं झाड तोडेल?"

"माझ्या मोजणीत वळण होते," मापी म्हणाला, "वळणाचे कारण नव्हते."

"मग हिशेब पुन्हा कर."

"केला. भट्टीचा धूर खरा आहे. थांबवलेली तोड काल्पनिक आहे. खऱ्यातून काल्पनिक वजा केले, तर खरे तेवढेच उरते. हवेचा फायदा शून्य. उलट तोटाच, कारण या होकाराच्या जोरावर भट्टी निर्धास्त धुमसत राहील."

"म्हणजे या सगळ्या योजना थापाच काय रे?" काकांनी विचारले.

"सगळ्या नाहीत. तोड खरोखर होणार होती आणि योजनेमुळेच थांबली, तर फायदा खरा. मात्र गळती, म्हणजे इथली तोड थांबून शेजारी सरकणे, होता कामा नये. आणि जंगल पुढेही टिकायला हवे. ते वणव्यात जळाले, तर साठवलेला कार्बन पुन्हा हवेत. भट्टीतल्या कोळशाच्या धुरातला कार्बन मात्र शतकानुशतके हवेत रेंगाळतो."

करवत पुन्हा घरघरली. कुंदाने डोंगराकडे बोट केले. "मग तिकडे का नाही गेलात? तोड तर तिकडे चाललीय!"

"तिथे मालक आहेत, व्यापारी आहे, ठरलेला व्यवहार आहे. जे धोक्यातच नाही, ते वाचवणे सोपे असते."

कुंदा काकांकडे वळली. त्या डोंगरात त्यांच्याही घराचा वाटा होता, हे तिला ठाऊक होते.

"काका, आपला वाटा अजून उभा आहे ना?"

"व्यापाऱ्याला शब्द दिलाय गो बाय."

"आणि इथं खोटा शब्द द्यायला आलात. तरी चपला राईबाहेरच काढून आलात ना?"

काकांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिले. वाऱ्याची एक झुळूक बेहड्याच्या शेंड्यातून सावकाश उतरली.

"मापी," ते घसा खाकरून म्हणाले, "नोंद कर. ही राई आम्ही कधीच तोडली नसती. कुणी काही देवो, न देवो."

"मग साकव मिळणार नाही."

"नको मिळू दे. दरसाल पोफळीच्या ओंडक्यांचा घालतो, तसाच घालू."

"आणि तो पुरात वाहून गेला तर?"

"तर वाट वळवू," कुंदा म्हणाली. "वरच्या अंगानं जाऊ. आणि तुझ्या कंपनीला सांग, धूर कमी करायचा तर आपल्या भट्टीत करा. माझ्या आजोबांच्या हातात कुऱ्हाड देऊ नका."

मापीचा दिवा लुकलुकला. कुंदाने चष्मा लावून पाहिला. बुंधे नाहीसे झाले होते; डोळ्यांना दिसत होती तीच झाडे आता काचेतही होती. आजोबा मात्र कुठेच नव्हते. तिला क्षणभर रडू आले. पण ते रडे हलके होते.

काकांनी राईबाहेर येऊन चपला पायांत सरकवल्या आणि व्यापाऱ्याला दिलेला शब्द परत घ्यायला ते समोरच्या डोंगराची वाट उतरू लागले.

"मीही येऊ?" मापीने विचारले. "तिथली आधाररेषा मला इथूनच ऐकू येते आहे."

"चल की!" कुंदा म्हणाली.

करवत अजून चालूच होती. पण आता ते तिघे तिच्याच दिशेने निघाले होते.