शेवटच्या रविवारचा फोटो

ऋतुराज, आरोही, मोबाईल ठेवा बाजूला. ही ऐकीव गोष्ट न्हाय. माझा दोस्त बंदेनवाज, त्याच्या अंगावर आलेली हाय. सोलापुरात विजापूर वेशीतल्या लोकल टीव्ही चॅनलवर सव्वीस वर्षं तो मशीनवर बसायचा.

ते चॅनल तुमाला आठवायचं न्हाय. सत्त्याण्णवला एका दुकानावरच्या खोलीत सुरू झालं. सातला गावच्या बातम्या, मग वाढदिवसाचे फोटो, गुरुवारी फर्माइशीची गाणी. जानेवारीत गड्ड्याची जत्रा थेट दाखवायचे, तवा घराघरात तेच लागलेलं असायचं. आणि दर रविवारी साडेसातला 'हरवले आहेत'.

त्यासाठी मैंदर्गीहून चन्नम्मा यायची. एकट्या जिवाची बाई. दोन हजार एकच्या गड्ड्यात तिचा पाच वर्षांचा सिद्धराम हातातून सुटला, तो सुटलाच. तवापासून एसटीनं यायची, जिना चढायची, म्हणायची, "अण्णा, लावा की." बंदेनवाज पोराचा फोटो लावायचा. ती बघून घ्यायची आणि जायची. बावीस वर्षं.

दोन हजार तेवीस, एकतीस डिसेंबर, रविवार. चॅनल त्या रात्री कायमचं बंद होणार होतं. मालकानं किल्ली देऊन बंदेनवाजला एकट्यालाच पाठवलं, मशीन बंद करून ये म्हणून. साडेसातला त्याचा हात बटणावर होता.

"अण्णा, लावा की."

दारात चन्नम्मा. जिना वाजला नव्हता.

"अक्का, आज शेवटचं हाय बघा..." तो म्हणाला. ती खुर्चीत बसली. नुसती मॉनिटरकडं बघत राहिली. त्यानं फोटो लावला.

आणि फोन वाजला.

"मी सांगोल्याचा, ट्रकवर असतो. हितं हॉटेलात जेवत होतो... टीव्हीवर ते पोरगं... खिशावर बदक असलेला तो शर्ट आमच्या ट्रंकेत हाय, साहेब. मला सांभाळलेला म्हातारा मरताना सांगून गेला, तू गड्ड्यात सापडलास, त्याच शर्टात..."

बंदेनवाज ओरडला, "अक्का! सापडला! तुझा सिद्धराम—"

खुर्ची रिकामी.

जिना रिकामा. रस्त्यावर कुणी न्हाय.

फोनवरचा पोरगा पळत आला. सत्तावीस वर्षांचा गडी. बंदेनवाजनं मशीन बंद केलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. दोघं ट्रकनं मैंदर्गीला निघाले. वाटेत पोरगा एकच विचारत होता, "मला वळखंल का वो ती?"

चन्नम्माच्या दारात माणसं जमलेली.

तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. गळ्यात हार. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. लिंगायतात मयताला असंच बसवतात. शेजारीण म्हणाली, "दुपारी चारला गेली. रविवार हाय, सोलापूरला जायचंय म्हणत होती..."

साडेसातला तर...

पोरगा तिच्यापुढं गेला. बावीस वर्षांत सगळं इसरला होता, आईला हाक मारायचा एक कानडी शब्द राहिला होता. तो म्हणाला, "अव्वा..."



सकाळी पोरानंच पहिली मूठमाती दिली. बंदेनवाज संध्याकाळी चॅनलच्या खोलीवर परत आला. कुलूप जसंच्या तसं. किल्ली त्याच्याच खिशात. आत अंधार, मशीन गार पडलेलं. त्यानं दिवा लावला...

मॉनिटरच्या काचेवर, जिथं फोटोतल्या पोराचं कपाळ येत होतं, बरोबर तितं...

विभूतीची तीन बोटं ओढलेली.