चरवीवरचं कर्दळीचं पान

माणसानं दूध घेतलं तर घोटभर तोंडात घ्यावं, "गोड आहे हो" म्हणावं, मग पुढं जावं. एवढी साधी रीत. पण तळेगावच्या महिपतीला ती कुणी शिकवली नव्हती, आणि अंबूचा पहिला राग तिथूनच.

भादव्याची सकाळ होती. धुक्यानं तुंगार्लीची अख्खी वाट गिळलेली. अंबू डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळी चरवी घेऊन उतरत होती, तोच हा लांबडा गडी धुक्यातून समोर उभा! "थांबा जरा," म्हणाला. चरवी खाली ठेवायला लावली. वरचं कर्दळीचं पान दोन बोटांनी बाजूला सारलं, खिशातून काचेची नळी काढली, दुधात बुडवली, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावला... आणि "बरं" म्हणून चालता झाला. चव नाही, विचारपूस नाही. जसं काही दूध नव्हे, गटाराचं पाणी नेलं.

"अवो सायेब!" अंबू कडाडली. "तोंडबी न्हाई लावलं? माज्या म्हशी काय कण्हेर खात्यात व्हय?"

तो वळला. धुक्याचे बारीक थेंब त्याच्या पापण्यांवर बसले होते.

"मला चव नाही बघायची. आत कोण राहतं ते बघायचंय."

"दुधात?"

"दुधात."

"माज्या दुधात दूधच ऱ्हातं!"

तो हसला. हसला की पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसायचा. अंबूनं तो पाहिला, आणि पाहिल्याचा स्वतःलाच राग आला. चरवी उचलली नि ताडताड निघाली. पण उतारावर गेल्यावर मान वळली ती वळलीच. मागं नुसतं धुकं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या उन्हाळ्यात लोणावळ्यात एका लग्नात बासुंदी खाऊन निम्मं वऱ्हाड आडवं झालं होतं. तेव्हा पुण्याच्या कॉलेजानं तुंगार्लीच्या तळ्याकाठचा एक बंगला भाड्यानं घेतला आणि तिथं आपली प्रयोगशाळा मांडली. खाण्यातले जंतू कुठून येतात, ते ओळखायचे कसे, हे शोधायचं काम. गंगाधरपंत तिथले मुख्य, आणि महिपती त्यांच्या हाताखाली.

अंबूच्या घरी ती आणि आई धोंडाबाई. बाप गेलेला, पण मागं दोन म्हशी आणि एक नाव ठेवून गेलेला. टेकडीवरच्या आरोग्यधामात छातीचे आजारी हवेसाठी येत, त्यांना दूध जायचं ते या घरचं. लोक धोंडाबाईच्या दुधाचं नाव काढत. आता गंगाधरपंत दसऱ्याला आरोग्यधामाच्या डॉक्टरांना सांगणार होते, कुणाचं दूध ठेवायचं आणि कुणाचं बंद करायचं. म्हैस गेली तर दुसरी आणता येते. नाव गेलं तर कुठल्या बाजारात मिळतं?

तेव्हा अंबू रोज त्या बंगल्यावरून जाताना मान ताठ ठेवायची. आणि महिपती रोज नेमका फाटकाशी उभा असायचा.

"काय सायेब, सापडला का कोण ऱ्हानारा?"

"अजून उबवतोय."

"कोंबडी हाय का काय तुमी?"

"या की बघायला, अंबूबाई!"

एक दिवस गेली. जायचं नव्हतं म्हणे, पाय आपोआप वळले. पायांचं काय, दोष त्यांच्यावर टाकता येतो. आत उग्र वास, काचेच्या नळ्या, आणि एका उबदार पेटीत चपट्या काचेच्या थाळ्या. थाळीत पिवळट थरथरता थर.

"अगं बया, खरवस!"

"जंतूंसाठी केलेला. दुधाचा थेंब यावर टाकायचा, झाकायचं, उबेला ठेवायचं. दुधात कुणी असेल तर खाऊनपिऊन वाढतो, ठिपका होऊन दिसतो."

"म्हंजी पाव्हन्याला जेवायला घालून मग चोर म्हनून धरायचं!"

महिपती हसत सुटला. थाळी दाखवताना त्याचा हात तिच्या हाताला लागला... चिंचोक्याएवढी जागा. पण ती जागा संध्याकाळपर्यंत गरम राहिली. धार काढताना अंबूचं लक्ष नव्हतं. म्हशीनं दोनदा वळून बघितलं.

चार दिवसांनी त्यानं फाटकातूनच हाक मारली. "तुमची थाळी स्वच्छ आली. एकही ठिपका नाही."

अंबूला आभाळ ठेंगणं झालं! तिनं ती बातमी साऱ्या वाटेनं वाटत नेली. आरोग्यधामाच्या आचाऱ्याला सांगितली, पाणवठ्यावर सांगितली, म्हशींनाही सांगितली. धोंडाबाईनं चुलीपुढं बसून डोळे पुसले. "तुज्या बापाचं नाव ऱ्हायलं गं."

पण बातमी देणारा मात्र त्या दिवसापासून फाटकाशी दिसेना. सकाळी फाटक नुसतंच. ही काय तऱ्हा? काम झालं की माणूस ओळख विसरतो?

मग एका दुपारी तळ्याच्या बांधावर तो भेटला. पठारभर सोनकी फुलली होती, जिकडं बघावं तिकडं पिवळं. ढग इतका खाली उतरलेला की फुलांच्या आतून कुणी दिवा धरल्यासारखं वाटावं. महिपती उभा होता, हातात टोपी, चेहरा उतरलेला.

"अंबू... एक सांगायचंय."

अंबूबाईची अंबू झाली होती. तिनं उगाच एक फूल खुडलं.

"बोला की. फुलं काय ऐकून कुनाला सांगत न्हाईत."

"तुझ्या दुधाची थाळी स्वच्छ आली... कारण मी दूध उकळलं होतं. थेंब टाकायच्या आधी."

खुडलेलं फूल तिच्या हातातून खाली पडलं.

"पहिली थाळी खराब आली होती. ठिपक्यांनी भरलेली. मला ती बघवेना... तू रोज मान ताठ करून जातेस, ती मान खाली गेलेली बघवली नसती. म्हणून दुसऱ्या थाळीच्या वेळी..." त्यानं हातातली टोपी चुरगाळली. "मला तू आवडतेस. म्हणून केलं. आणि केल्यापासून झोप नाही."

कुठल्या मुलीला असं प्रेम सांगितलं असेल कुणी? सोनकीच्या फुलांत उभं राहून, जंतूंची साक्ष काढून! अंबूच्या मनात गोड काहीतरी उमललं, आणि त्याच क्षणी त्यावर निखारा पडला.

"ते दूध आजारी मानसं पित्यात," ती हळू म्हणाली. हळू बोललेली अंबू फार भयंकर. "आमी घरी उकळून पितो. पर तितं आचारी कोमट करून देतो, ते तुमास्नी ठावं हाय. माजी मान वर ऱ्हावी म्हनून कुनाचं पोट बिघडवायचं? मी मागितली व्हती का असली मान?"

"नाही."

"मंग चला. तुमच्या पंतांना आदी सांगा. मी हाय संगं."

गंगाधरपंतांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला. "महिपती, तुला जंतू शोधायला ठेवलंय, झाकायला नाही." मग अंबूकडं वळले. "दसऱ्यापर्यंत वेळ आहे, मुली. घाण कुठून येते ते सापडलं, तर दूध राहील. नाहीतर मला खरं सांगावंच लागेल."

"खरंच सांगा," अंबू म्हणाली.

मग दोघं मागावर लागले. महिपतीनं सडाचं दूध थेट नळीत धरलं, तिचे हात तपासले, घासलेली चरवी तपासली. सगळ्या थाळ्या जवळजवळ कोऱ्या. मग दूध वाटेवर बिघडत होतं तरी कसं? धुक्यातून दोघं बरोबर चालले. तळ्याच्या ओहोळापाशी अंबू रोजच्या सवयीनं वाकली, कर्दळीचं पान पाण्यात बुचकळलं आणि चरवीवर दाबून बसवलं. ओलं पान घट्ट बसतं, दूध हिंदकळत नाही, दृष्टही लागत नाही. बापानं शिकवलेलं.

महिपती थांबला. वर पाहिलं. ओहोळाच्या वरच्या अंगाला साऱ्या गावच्या म्हशी निवांत डुंबत होत्या.

त्यानं पानाचा तुकडा मागून घेतला, आणि थाळीतल्या खरवसावर तो हलकेच दाबून उचलला. दोन दिवसांनी तिला बोलावलं. थाळीत ठिपके उगवले होते... पण कसे! पानाची मधली शीर, तिच्या बाजूच्या रेघा, कड, सगळं जसंच्या तसं. जंतूंनी पान काढलं होतं.

अंबूचे डोळे भरले. "बाबानं शिकवलं व्हतं..."

"तेव्हा वर म्हशी डुंबत नसतील," महिपती म्हणाला. "त्यांनी दूध जपायला शिकवलं. तू तेच करतेस."

तिनं पदरानं डोळे टिपले. दुसऱ्या दिवसापासून चरवीवर पान नव्हतं. उकळत्या पाण्यातून काढलेलं पितळी झाकण होतं. दूध पुन्हा तपासलं, आणि या वेळी गंगाधरपंतांनी स्वतः. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आरोग्यधामात सांगितलं, धोंडाबाईच्या घरचं दूध राहू द्या.

दसऱ्याला महिपती सोनं द्यायला आला. धोंडाबाईला आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला. मग अंबूपुढं हात केला.

"नगं!" ती दोन पावलं मागं सरली. "पुन्यांदा पानं? धुतली कुटं ती आदी सांगा."

"घरच्या आडावर. उकळून गार केलेल्या पाण्यानं."

धोंडाबाई पदराआड हसली. महिपती तिच्याकडं वळला. "मावशी, तळेगावहून मामांना घेऊन येऊ का... बोलणी करायला?"

"मला काय इचारतुस? आदीची दोन स्थळं हिच्या जिभेला भिऊन पळाली. तिलाच इचार."

अंबू वळली. आत गेली आणि वाटीभर दूध घेऊन आली. तापवलेलं, वर जाड साय. वाटी त्याच्या हातात दिली आणि दाराला टेकून उभी राहिली. बाहेर ऊन पडलं होतं, धुकं तळ्यावरून हळूहळू उठत होतं. महिपतीनं वाटी तोंडाला लावली. या वेळी नळी नाही, कापूस नाही. मिशीला साय लागली.

"गोड आहे हो," तो म्हणाला.

अंबूनं हात पुढं करून त्याच्या मुठीतली आपट्याची पानं घेतली. त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं, घेणाऱ्यानं म्हैस पारखावी तसं.

"रीत शिकाया लय दिस लावलेत. माजं दूध आता चोख हाय, पंतांनी सांगितलं. पर तुमी अजून निरसंच, सायेब... लगी नासाल. येऊ द्या मामांना. उकळून घीन मी."