चौबळ सरांची कोरी कॅसेट

यातलं थोडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचं जगदीशने मला सांगितलंय. एकदाच सांगितलं, आणि परत विचारायचं नाही म्हणाला.

शहापुरात त्याचा फोटो स्टुडिओ आहे. माझं झेरॉक्सचं दुकान त्याला लागूनच. रोजचा चहा आम्ही एकत्र पितो. हा माणूस थापा मारणारा नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. या वर्षीच्या एप्रिलमधली, मंगळवारची. भर दुपारी सव्वादोनची.

त्या दुपारी मुंबईहून एक बाई आली. हातात पुठ्ठ्याचं खोकं.

"मी मिताली चौबळ. बाबा जानेवारीत गेले."

जगदीशच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला.

चौबळ सर म्हणजे सिनेमाचे दिग्दर्शक. अठरा वर्षांपूर्वी बॅटरी चार्ज करायला म्हणून ते या स्टुडिओत शिरले, आणि जगदीशला म्हणाले, "मला इथली माणसं दाखव. पडद्यावर तुझं नाव येईल." तेव्हा तो चोवीस वर्षांचा. लग्नाच्या ऑर्डरी सोडून तो त्यांच्यामागे हिंडला.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेतल्या एका बैल व्यापाऱ्यावर पिक्चर ठरला. झाला नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या एका जोडप्यावर ठरला. झाला नाही. असे चार. दरवेळी सर म्हणायचे, "पुढच्या हिवाळ्यात नक्की."

लोक सरांना कुठे विचारणार? ते जगदीशला अडवायचे.

"जग्या, आमचा पिक्चर कदी लागनार रे?"

तो तारखा देत राहिला. मग एक दिवस त्याने वाडीवर जाणंच सोडलं.

वाडी म्हणजे मुरबाडवरून पुढे, वैशाखरे गावाच्या पलीकडची ठाकरवाडी. तिथे त्याची हिरी आत्या एकटी राहते. सरांचा शेवटचा पिक्चर तिच्या धाकट्या बहिणीवर होता.

गंगीवर.

गंगी सतराव्या वर्षी नदीच्या डोहात गेली. दुपारी धुणं घेऊन गेली ती परतलीच नाही. तिसऱ्या दिवशी सापडली. जगदीश तेव्हा पाच वर्षांचा होता. गंगी आत्याच्या कडेवर बसून जत्रेत गेलेलं त्याला अजून आठवतं.

त्या डोहावर तिचं नाव कुणी घेत नाही. वाडीचा तसा दंडकच आहे. हिरी आत्या तर घरातसुद्धा घेत नव्हती.

पण जगदीशने तिला गळ घातली. "आत्या, पिक्चरमध्ये गंगी आत्या कायमची राहील गो."

भाच्यासाठी ती तयार झाली. दोन दिवस सरांनी तिला डोहाकाठच्या कातळावर बसवून रडायला लावलं. परत एकदा. अजून एकदा. तिचे डोळे सुजले होते.

दुसऱ्या दुपारी सर जगदीशला म्हणाले, "आता तू हाक मार. तिच्या बापाने मारावी तशी."

हिरी आत्या उठून धावली. त्याच्या तोंडावर हात धरला.

"नको रे जग्या. हितं नको!"

"एकदाच, हिराबाई," सर म्हणाले.

जगदीशने आत्याचा हात बाजूला केला.

"गंगेऽऽ... ये गंऽ... वाट बघतोय तुझी!"

सरांना पहिली आवडली नाही. दुसरीही नाही. तीन वेळा मारली.

मग सर गाडीत बसून निघून गेले. पुढच्या हिवाळ्यात येतो म्हणाले.

त्याला तेरा वर्षं झाली.

मितालीने खोकं टेबलावर ठेवलं. आत कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटा. प्रत्येकीवर सरांच्या अक्षरात पिक्चरचं नाव. जगदीशने एक उचलली... प्लास्टिकचं सील तसंच होतं.

दुसरी उचलली. तीही तशीच.

सगळ्याच.

"मग शूटिंग कशावर केलं?" त्याने विचारलं.

मितालीने मान खाली घातली. "कॅमेऱ्यात कॅसेट नसायचीच. शेवटी शेवटी बाबांनीच सांगितलं मला. म्हणायचे, केलेला पिक्चर वाईट निघू शकतो, ठरवलेला कधीच वाईट निघत नाही. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं... म्हणून आले."

 ती गेली तेव्हा रडत होती, हे मी पाहिलं.

हिरी आत्याचं ते दोन दिवसांचं रडणं... रिकाम्या डब्यासमोर.

त्याच्या डोक्यात सणक गेली. 'गंगी – २' लिहिलेल्या कॅसेटचं सील त्याने दातांनी फाडलं. जुना कॅमेरा काढून टीव्हीला जोडला. कोरी आहे हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पडदा निळा झाला.

निळाच राहिला.

मग त्याच्या लक्षात आलं... पंख्याचा आवाज येत नाहीये. पंखा फिरत होता. बाहेर रिक्षा, माणसं, सगळं चालू होतं. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं.

आणि मग... पाणी. संथ, डोहाचं पाणी.

पडद्यावर कातळ दिसला. दुपारचं पांढरं ऊन. कातळावर एक मुलगी पाठमोरी उभी. अंगावरचं लुगडं चिकटलेलं. केसांतून पाणी टपकत होतं.

ती हिरी आत्या नव्हती. पाठ कोवळी होती.

मुलगी वळली नाही. नुसती बोलली...

"जग्या... आले ना मी. किती येळ उभी राहू रे?"

त्याने वायर खेचून काढली. कॅमेरा उघडला. कॅसेटची फीत जागची हलली नव्हती. सगळी एकाच चाकावर होती, कारखान्यातून आल्यासारखी.

मी त्याच्या शटरचा आवाज ऐकून बाहेर आलो. तो बाईकला किक मारत होता. तोंड पिठासारखं पांढरं. मी हाक मारली, त्याने बघितलंही नाही.

वाडीवर पोचला तेव्हा पावणेपाच झाले होते. हिरी आत्या अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. त्याने सगळं सांगितलं. कॅसेटचं, आवाजाचं.

ती फुलं पसरवतच राहिली.

"पिक्चर नाय झाला त्याचं काय नाय. पन तू तिला बोलावलंस. तवापासून उभी हाय ती तिथं. तेरा वरसं मी त्या अंगाला गेले नाय."

"मला का नाही सांगितलंस आत्या?"

"तू आलास कुटं?"



तो एकटाच डोहावर गेला. एप्रिलमुळे पाणी आटलं होतं. कातळ तापून कोरडा ठणठणीत.

त्यावर दोन ओली पावलं होती.

शेजारी शेजारी. टाचा पाण्याकडे. एवढ्या उन्हात वाळत नव्हती...

त्याने हात जोडले. "गंगी आत्या, चुकलो मी. सर गेले. पिक्चर नाय होणार. मी तुला खोटंच बोलावलं. आता तू घरी जा."

वारा नव्हता. पक्षी नव्हता.

मग त्या दोन पावलांच्या पुढे... तिसरं पाऊल उमटलं.

चौथं.

त्याच्या अंगाला घासून काहीतरी गार गेलं. शेवाळाचा वास आला. पावलं पाण्याकडे गेली नाहीत. वर चढली. पायवाटेला लागली.

वाडीच्या.

आपण 'घरी जा' म्हणालो, हे त्याला तेव्हा कळलं.

तो धावत सुटला. पोचला तोवर हिरी आत्याचं दार बंद झालं होतं. उंबऱ्यापर्यंत ओली पावलं. अंगणातली फुलं मधोमध तुडवलेली.

आतून आत्याचा आवाज. हळू, मऊ. असा आवाज त्याने तिचा कधी ऐकला नव्हता.

"ये. बस गो. किती भिजलीस..."

त्याने दार बडवलं.

"जग्या, तू जा आता," आत्या आतून म्हणाली. "मी हाय हिच्याजवल."

तो परत आला. काही दिवस बरे गेले. वाडीतून येणारे सांगायचे, हिरीबाई खुशीत असते. दोघींपुरतं रांधते. मला तर वाटलं, झालं ते बरंच झालं.

पाच दिवसांपूर्वी सकाळी आम्ही चहा पीत होतो. जगदीशचा फोन वाजला. आत्याचा होता. त्याने स्पीकरवर टाकला, म्हणून मीही ऐकलं.

ती कुजबुजत होती.

"जग्या... आज पयल्यांदा तिनं पाट चोलाया दिली रे. गंगीच्या पाटीवर भाजल्याचा डाग व्हता. चुलीचा. लहानपनी माज्याच हातून भाजली व्हती ती."

"मग?"

"हिला डाग नाय."

पलीकडे पाणी सांडल्यासारखा आवाज आला.

"जग्या, ही गंगी नाय रे. तू कोनाला बोलावलंस?... ठेवते. आली ती."

फोन कट झाला. त्यानंतर लागलेला नाही.

जगदीश रोज सकाळी बाईक काढतो. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाला. वाडीच्या वाटेवर मुरबाडपर्यंत जातो. तिथे स्टँडजवळ गाडी उभी करून तासभर बसतो, आणि परत येतो.

आजही तिथूनच परत आला.