मोतीच्या गळ्यातले आकडे

"अगं पळ! लिलाव सुरू झाला!" मार्तंड ओरडला, आणि परकर आवरत चंद्रप्रभा देगलूरच्या कोंडवाड्याकडे सुसाट सुटली. सुट्टीत या मामेभावाकडे आली होती खरी, पण सकाळपासून डोक्यात एकच घोळत होतं. कोंडवाड्यातल्या त्या तांबूस गाईच्या गळ्यात पितळी बिल्ला होता. त्यावर ४०, ६, ४००, १०. असला कुठला नंबर?

कोंडवाड्यापुढे मामाच्या शेजारच्या शांतम्मा आजी हात जोडून उभ्या होत्या. "माझी मोती हाय ती, बाबा! दावं तोडून गेली. बिल्ला आमच्या मालकांनी घातला. ते गेले, आता हीच हाय मला!"

"मग आकडे कशाचे, सांग की!" कोंडवाड्यावरचे गुरुबसप्पा खेकसले. "न्हाई ना येत? दुसऱ्या गावचं बेवारस जनावर हाय हे!"

"उरका लवकर," लिलाव करायला तहसीलीतून आलेले अंमलदार, पेशकार, जांभई देत म्हणाले.

निजामाचं राज्य, शाळेत उर्दू शिकावीच लागे. नांदेडच्या मौलवीसाहेबांचं बोलणं चंद्रप्रभाला एकदम आठवलं. उर्दूच्या प्रत्येक अक्षराला आपला आकडा असतो, त्याला अबजद म्हणतात! तिने काडीने धुळीत लिहायला घेतलं. "चाळीस म्हणजे म. सहा म्हणजे ओ. चारशे त, दहा ई... मोती! मार्तंड, मोती!"

"मोत्या काय, गल्लोगल्ली हायत!" गुरुबसप्पा हसले.

मार्तंडने हळूच डोळा मिचकावला. बिल्ल्याच्या मागेही आकडे आहेत, हे त्याने सकाळीच पाहून ठेवलं होतं; पुढे गाईचं नाव, तर मागे मालकिणीचंच असणार! "काका, मालकिणीचंच नाव निघालं तर सोडाल गाय?"

"सोडीन की! हाय कुठं?"

चारचौघांत बोलून बसले! मार्तंड टुणकन कुंपणावरून आत. बिल्ला उलटवून, शेण पुसून तो मोठ्याने वाचू लागला, "तीनशे! एक! पन्नास! चारशे! चाळीस! एक!"

चंद्रप्रभाची काडी धुळीत फिरत होती. मध्येच तिने मान वर करून आजींकडे पाहिलं.

"आजी... शां... त... म्मा."

"माझं नाव?" आजींनी कुंपणातून हात घालून बिल्ल्यावर बोटं फिरवली. "येवढे दिस हिच्या गळ्यात होतं, अन् मला बोलले न्हाईत!" त्या हसल्या, आणि डोळे घळाघळा वाहू लागले.

पेशकारांनी उठून धुळीतली अक्षरं बोटांवर मोजली. "उर्दू मीही शिकलोय, पण मी बिल्ल्याकडे पाहिलंच नाही. शाबास, पोरांनो! गुरुबसप्पा, गाय सोडा."

मोतीच्या पाठीवर हात ठेवून आजी घराकडे निघाल्या. थोडं गेल्यावर थांबल्या.

"पोरी, मालकांनी कसं लिवलंय माझं नाव? पुन्हा म्हण की."

"तीनशे, एक, पन्नास..." चंद्रप्रभा सांगत गेली, आणि आजी मागोमाग म्हणत गेल्या.