दोरावरच्या रिकाम्या जागा

येसेनियाच्या डाव्या तळहातावर एक तिरपा, गुळगुळीत वळ होता. करंगळीच्या मुळापासून अंगठ्याच्या उंचवट्यापर्यंत. तीन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका मंगळवारी तो उठला, एवढं तिला नक्की ठाऊक होतं, कारण त्या दिवसाची प्रयोगवही तिने जपून ठेवली होती. दर पाच मिनिटांनी एक नोंद. अकरा वीसपर्यंत सगळं शिस्तीत, आणि त्यानंतरची नोंद एकदम अकरा पंचावन्नची. मधल्या पस्तीस मिनिटांवरून तिला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. गॅसची टाकी सरकवताना हात घसरला, असं तिने सांगितलं आणि पुढे पुढे तिलाही ते खरं वाटू लागलं. त्या दिवशी तिचे मोजेही ओले झाले होते. पण बेसिनखालचा पाइप गळका होता, तेव्हा त्यात नवल नव्हतं.

सान्तियागोत तिला सात वर्षं झाली होती. शहराविरुद्ध तिची तक्रार नव्हती. पगार बरा होता, खोली उबदार होती. फक्त तिथे भरती-ओहोटी नव्हती. दक्षिणेकडच्या चिलोए बेटांपैकी चेल्केनवर जन्मलेल्या माणसाला न बघता कळतं, आता पाणी कुठवर असेल ते. सान्तियागोत भर रस्त्यात ती कधी कधी थबकायची आणि मनाशी म्हणायची, आता खडक उघडे पडले असतील. मग घड्याळ बघायची. बहुधा तिचं बरोबर असायचं.

जानेवारीत आईचा फोन आला. घराखालचा कडा आणखी दोन मीटर ढासळला होता. स्वयंपाकघराचा कोपरा हवेत आला होता. घर उचलून समोरच्या लेमुय बेटावर न्यायचं ठरलं होतं. तिथे रस्ता होता, दवाखाना होता, आईच्या बहिणीची जमीन होती.

"मिंगा ठरलीय," आई म्हणाली. "तू येतेस ना?"

मिंगा म्हणजे साऱ्या गावाने एका घरासाठी केलेली इर्जिक. बैल आणि खांदे लोकांनी आणायचे, खाऊ-पिऊ घरधनिणीने घालायचं. आज माझं घर ओढ, उद्या मी तुझं ओढीन. चिलोएच्या बेटांवर घरं अशीच फिरतात.

येसेनिया आली. येताना तिने प्रयोगशाळेतला ताणमापक मागून आणला, हातात मावेल एवढा. दोर आणि घर यांच्यामध्ये अडकवला की ओढ किती ते आकड्यात दाखवणारा. घर बारा टनांचं. गाळमिश्रित वाळू, थोडा चढ. चार टन आणि वर दोनशे किलोचा ताण लागेल, असं तिने वहीत मांडलं.

"आणि घर नाही पोचलं तर?" तिने आदल्या दिवशी आईला विचारलं.

ओर्फेलिना बटाटे किसत होती. दुसऱ्या दिवशीच्या मिल्काव भाकरींसाठी दोन पोती किसायची होती. "तर मी येईन तुझ्याकडे सान्तियागोला," ती म्हणाली. "पण तिथे मी फार दिवस टिकायची नाही. आत्ताच सांगून ठेवते, मागाहून रडू नकोस."

किसणी पुन्हा चालू झाली. घरातल्या दुसऱ्या माणसाचं, येसेनियाच्या धाकट्या भावाचं, एर्विनचं, नाव दोघींपैकी कुणीच घेतलं नाही. चार वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा एर्विन दक्षिणेला पुंता अरेनासच्या मांसकारखान्यात होता. तो मातीला पोचला नाही. फोनवर आईने नको ते बोलून घेतलं. त्यावर तो म्हणाला होता, "त्या घरात पुन्हा माझं नाव काढू नका." आईने ते शब्दशः पाळलं होतं.

सकाळच्या भरतीला घर तरंगलं. चारी बाजूंना पिंपं बांधलेली, पुढे तीन लाँचा. लाकडी कौलांचं दुमजली घर खाडीतून डुलत निघालं, तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर टाळ्या पडल्या. पण लेमुयच्या किनाऱ्याजवळ डाव्या बाजूची दोन पिंपं फुटली. घर कललं, पाणी उतरत होतं, आणि ते ठरल्या जागेच्या साठ मीटर अलीकडेच वाळूत बसलं.

येसेनियाने भरतीचं कोष्टक पाहिलं. सहाच्या सुमाराला पाणी घराच्या उंबऱ्याला लागणार होतं. फुटक्या पिंपांवर ते पुन्हा तरंगणार नव्हतं, आडवं होणार होतं. उत्तरेचा वाराही उठू लागला होता. त्याच्या आत घर गोट्यांच्या बांधावर चढायला हवं होतं.

"ट्रॅक्टर आणावा का?" कुणीतरी म्हणालं.

"आण की," शेजारचा सिक्स्तो म्हणाला. "मग त्याला बाहेर काढायला आणखी दहा जोड्या शोध."

बैलांच्या सहाच जोड्या होत्या. पूर्वी वीस असायच्या. पोरं मासळीच्या कारखान्यांत गेली, बैल विकले गेले. एका दोराला बैल, दुसऱ्या दोराला माणसं, आणि दोन्ही दोर घरापाशी ताणमापकाला जोडलेले. येसेनियाने माणसं मोजली, चौतीस. मग तिच्या लक्षात आलं की माणसं सलग उभी नाहीत. मध्ये मध्ये हातभर-दोन हात दोर मोकळा सोडलेला. अशा अकरा जागा.

"सरका, सरका," तिने हाक दिली. "दोराच्या टोकाची माणसं गोट्यांवर गेलीत, त्यांचे पाय ठरत नाहीत. मधल्या जागा भरा, म्हणजे सगळे वाळूवर येतील."

कुणी हललं नाही. सगळे बाउदिलिओबाबांकडे बघू लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा आरोळी देणारे होते. त्यांच्या आरोळीशिवाय या बेटांवर कुठलं घर हललं नव्हतं.

"ती मार्सेलोची जागा आहे, पोरी," ते एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले.

"मार्सेलो तर पुंता अरेनासला असतो, बाबा."

"म्हणून तर सोडलीय. इथे असता तर कशाला सोडली असती?"

दोन-चारजण हसले. येसेनियाने वही उघडून त्यांना आकडे दाखवले. बाबांनी आकड्यांकडे आदराने पाहिलं, मग तिच्या आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले. "सात वर्षं शिकलीय ती," आई म्हणाली. "ऐका तिचं."

माणसं सरकली. जागा भरल्या. दीड वाजता पहिली आरोळी झाली. बैलांनी माना खाली घातल्या, दोर ताठ झाला. ताणमापकावर तीन पूर्णांक एक दशांश टन. घर करकरलं. हललं नाही.

"काय गं, तुझं घड्याळ काय म्हणतंय?" सिक्स्तोने धापा टाकत विचारलं.

"ताणमापक आहे ते."

"मग त्यालाच जरा ताण घ्यायला सांग. माझा क्लाव्हेल बैल दमलाय."

अडीचला पुन्हा ओढलं. तीन टन. चारला, दोन पूर्णांक आठ. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. माणसं वाळूत फतकल मारून बसली. पाणी फिरलं होतं, आणि घरापासून चाळीस पावलांवर होतं. ओर्फेलिना काखेत किटली धरून एका ओंडक्यावर बसली होती. घरातून तिने तेवढीच हातात घेतली होती. ती समुद्राकडे बघत नव्हती, घराकडेही नाही.

बाउदिलिओबाबा येसेनियाजवळ येऊन उभे राहिले.

"तुझं गणित चुकलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "माणसं कमी पडतात, एवढंच. बोलवायला हवीत."

"कुठून बोलवणार? पाणी वीस पावलांवर येईल आता."

"जिथे आहेत तिथून."

तिला वाद घालता आला असता. पण तिच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. ज्याच्याजवळ दुसरा उपाय नसतो त्याने आधीचा प्रयोग नाकारू नये, एवढं तिला शिकवलेलं होतं.

"सोडा जागा," ती म्हणाली.

माणसं निमूट पांगली. प्रत्येकाला कुठली जागा सोडायची ते ठाऊक होतं. अकरावी जागा सगळ्यांत पुढे, घराला लागून होती. घरच्या मुलाची. तिच्या मागची जागा येसेनियाला मिळाली. तिने दोर धरला. डावा हात पुढे, तिची जुनी सवय. ताणमापक तिच्यापासून चार हातांवर होता.

पाच वीस झाले होते.

"मार्सेलो!" बाबांनी आरोळी दिली. म्हाताऱ्याच्या छातीतून तसा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नसतं. "दोर धर!"

"होऽऽ!" सगळ्यांनी साथ दिली आणि ओढलं.

येसेनियाने मान वळवून मागे पाहिलं. ताणलेला दोर दोन माणसांच्या मधे सरळ असतो. तो वाकायचा तर आडवं बळ लागतं. मार्सेलोच्या जागेत दोर खाली झुकला, मग वर उचलला गेला आणि तसाच राहिला. कुणीतरी काखेत घ्यावा तसा.

तिने पुढे बघितलं. दोन पूर्णांक नऊ.

"राउल! दोर धर!"

तीन.

"ओहेदांच्या पोरींनो! दोघीजणी!"

तीन पूर्णांक दोन.

वारा मागून येत होता. त्याला चरबीचा, डिझेलचा, धुतलेल्या लोकरीचा वास होता. किनाऱ्यावर यातलं काहीच नव्हतं.

नाव पुकारलं जाई, दोर एका जागी वाकडा होई. कुणी त्याकडे बघत नव्हतं. तिच्यामागचा सिक्स्तो तर हसत होता. "ढिला पडलास रे राउल," तो रिकाम्या जागेला म्हणाला. "बोटीवर खाऊन खाऊन सुटलास."

दहा नावं झाली. तीन पूर्णांक आठ. घर कण्हत होतं. जागचं हलत नव्हतं.

पाणी मागच्या भिंतीला लागलं.

बाबा गप्प झाले.

घरच्या माणसाचं नाव घरच्यानेच घ्यायचं, अशी रीत होती. येसेनियाने तोंड उघडलं. बाबांनी बोट वर करून तिला थांबवलं. सगळे ओंडक्याकडे बघत होते.

ओर्फेलिना उठली. किटली तिने वाळूत ठेवली.

"एर्विन!" आवाज फाटला. तिने घसा साफ केला. "एर्विन, अरे तुझ्या बापाचं घर बुडतंय! धर दोर!"

येसेनियाच्या पुढे दोराला हिसका बसला. एवढा जोराचा, की तिची मूठ सरकली आणि जुन्या वळावर आग झाली.

चार पूर्णांक सहा.

घर हललं.

आधी वीतभर. मग हातभर. मग वाळूत बसलेला तळाचा ओंडका फुस्सकन सुटला, आणि बारा टनांचं घर, खिडक्यांच्या काचांसकट, पुढे चालू लागलं. जो तो ओरडत होता. कोण रडत होतं, कोण शिव्या देत होतं, बैल डोळे पांढरे करून चढत होते, आणि बाबांची आरोळी थांबत नव्हती. आता ते नावं घेत नव्हते, नुसतं "चला! चला! चला!" म्हणत होते. गोटे तडतडले. उंबरा बांधाला लागला, चढला, पलीकडे टेकला.

पाच पंचावन्न.

दोर एकदम सैल पडला. अकरा जागी एकाच वेळी.

पाणी आलं, ओढल्याची सगळी वाट त्याने पुसली. शास्त्र शिकलेल्या माणसाने त्याआधी वाळूवरची पावलं नीट बघायला हवी होती. येसेनिया मुद्दाम पाठ करून उभी राहिली.

दक्षिणेतला उन्हाळा तो, रात्री आठ वाजताही लख्ख उजेड होता. घराच्या धुराड्यातून धूर निघाला, तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या. अकॉर्डियन वाजत होतं, कोकरू भाजलं जात होतं, सफरचंदाच्या दारूचे, चिचाचे, घडे रिकामे होत होते. ओर्फेलिना पदार्थांच्या मागे धावत होती आणि प्रत्येकाला दरडावत होती, "खा! ओढताना लाजला नाहीस, मग खाताना कशाला लाजतोस?"

मग तिचा फोन वाजला. नाव बघून ती दारामागे गेली. अकॉर्डियनच्या आवाजात येसेनियाला तुटक तुटकच ऐकू आलं.

"...हो, पोचलं. तुझी खोली पण." आणि बऱ्याच वेळाने, "रडू नको. चरबी लाव हातांना, आणि बूट चुलीजवळ ठेव वाळायला."

बाउदिलिओबाबा मिल्काव खात बसले होते. त्यांनी येसेनियाचा डावा हात धरून उलटा केला. नव्या लाल ओरखड्याखाली जुना वळ होता.

"हा आमचं चॅपल हलवलं त्या वेळचा," ते म्हणाले.

"गॅसच्या टाकीचा आहे, बाबा."

"असेल. चॅपल मंगळवारी ओढलं होतं. मार्चात. अकरा वीसला पहिली आरोळी दिली मी." त्यांनी घास गिळला. "तू डावा हात पुढे धरतेस. लहानपणापासून. त्यामुळे दोर तुझ्या जागी नेहमी उलटा वाकतो."

येसेनियाने मूठ मिटली आणि विचारलं, "पुढची मिंगा कुणाची?"

"सिक्स्तोची. फेब्रुवारीचा तिसरा गुरुवार, अकराच्या ओहोटीला. तू तर तिकडेच असशील."

"हो."

"असू दे," बाबा म्हणाले आणि त्यांनी दुसरा मिल्काव घेतला.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या गुरुवारी सान्तियागोत रणरणतं ऊन होतं. दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने येसेनियाच्या पायांकडे बघून विचारलं, "गमबूट?"

"ओलं असतं," ती म्हणाली.

कोरड्या मोज्यांचा जोड तिने खणात ठेवला. दहा पंचावन्नची नोंद केली. मग पट्टी घेऊन वहीत नीट रेघा आखल्या आणि दर पाच मिनिटांची एक, अशा आठ ओळी मोकळ्या सोडल्या.